गोड म्हणायची विहीर

“ही बी गोडच म्हनन. तोंडात बोट घातलं तरी चावत नाही पोरगी.”

कडुनिंबाआडून सासूचे हे शब्द वृंदाच्या कानी आले, तेव्हा ती विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. शब्द तिच्यासाठी नव्हते. तिने नीट असलेला पदर उगाच पुन्हा सारखा केला.

खारपाणपट्ट्यातल्या या गावात लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी नव्या सुनेला विहिरीवर आणून पाणी पाजतात आणि चव विचारतात. का, ते गावातल्या सगळ्यांत वयस्कर द्वारकाआजी कठड्यावर बसून सांगू लागल्या.

फार पूर्वी, असे सांगतात, चैताच्या उन्हात काखेत मडकं घेऊन एक म्हातारी आली. ती देवी होती म्हणे. मडक्यात गोडा झरा; जिथे पाणी खारं, तिथे तो ओतायला ती निघालेली. विहिरीवर एक नवी सून पाणी शेंदत होती. म्हातारीने विचारलं, “पाणी कसं हाय वं, माय?” त्या पाण्याने सुनेची जीभ रोज पोळायची. पण मागे सासू, नणंदा उभ्या. परक्या बाईपुढे सासरचं उणं कसं काढावं? ती म्हणाली, “गोड हाय.”

“मंग माहं इथं काय काम?” म्हणत म्हातारी नदी उतरून गेली. पलीकडच्या गावची विहीर त्याच दिवशी गोड झाली. जाता जाता मात्र म्हणाली म्हणे, “खरं सांगनारी भेटली, तर परतीन.”

तेव्हापासून प्रत्येक सुनेला विचारतात, आणि प्रत्येक सून गोडच म्हणते. विचारताना सगळं सासर भोवती उभं असतं ना! वृंदाची सासूही याच पायरीवर तेच म्हणाली होती.

वृंदाला काल रात्रीची डाळ आठवली. या पाण्यात ती शिजतच नाही. दाताखाली कचकच लागत होती. “कशी झाली?” सासूने विचारलं, तेव्हा वृंदा “छान” म्हणाली, आणि ताटात आणखी पळीभर पडली. अख्खा जन्म असाच चावत बसायचा की काय?

आजही ती विहीर खारीच आहे. आजही नव्या सुनेच्या हाती तांब्या देऊन आजी तेच विचारतात. वृंदा एक घोट प्यायली. सासू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

“पाणी कसं हाय वं, माय?”

“खारं आहे, आजी,” वृंदा म्हणाली. मग सासूकडे वळली. “आणि आई, कालची डाळ कच्ची होती.”