डाव्या चाकाची धाव

फार पूर्वी, इतकं पूर्वी की तेव्हा घोड्या बोलायच्या आणि गावातले म्हातारे ऐकायचे नाहीत, एका डोंगरी राज्यात सात वळणांचा एक घाट होता. घोड्या आता बोलत नाहीत. दुसरं तेवढं अजून टिकून आहे.

त्या घाटात वर्षातून एकदा रथांची शर्यत व्हायची. हे रथ म्हणजे देवळाच्या भिंतीवरचे सोन्याचे रथ नव्हेत. दोन चाकांचे, एका घोडीचे, एका माणसापुरते, हलके आणि भरधाव. गडावरून निघायचं आणि नदीपर्यंत उतरायचं. जे रथ धड पोचतील, त्या घरांना वर्षभर राजाचे खलिते नेण्याचं काम मिळायचं. त्यावर ती घरं जगायची. आणि ज्या घराचा रथ लागोपाठ तीन वर्षं रांगेत दिसला नाही, त्या घराची जागा कायमची जायची.

एका मुलीच्या घराचा रथ दोन वर्षं दिसला नव्हता. हे तिसरं वर्ष होतं.

रथ तिच्या बापाचा. जुना, पण अजूनही असा देखणा की उभा असला तरी पळतोय असं वाटावं. तीन वर्षांपूर्वी पाचव्या वळणावर तो दरीकडे घसरला आणि बापाचा पाय गेला. रथ वाचला, चाकांचं लाकूडही वाचलं. गेल्या त्या धावा. चाकाच्या लाकडाभोवती लोखंडाची कडी घट्ट बसवतात, तिला धाव म्हणतात. डाव्या चाकाची धाव दरीत गेली आणि उजव्या चाकाची दगडावर आपटून तडकली. धावेशिवायचं चाक त्या घाटात दोन वळणंही टिकत नाही.

आता त्या गावाची रीत ऐका. तिथं उजवं चाक मानाचं. शर्यतीच्या सकाळी हळदकुंकू उजव्या चाकाला, हार उजव्या चाकाला, नमस्कार उजव्या चाकाला. म्हणून उजवीकडे राजधानीची धाव हवी, सूर्याचा शिक्का मारलेली, आरशासारखी घासलेली. ती इतकी महाग की ती घेतल्यावर घरात काही उरायचं नाही. मग डावीकडे काय? मिळेल ते. कुणाची जुनी, कुठली जोडलेली, मापाला मोठी असेल तर फटीत लाकडाच्या पाचरी ठोकून बसवलेली. डावीकडे कोण बघतंय?

मुलीनं पाठशाळा अर्ध्यावर सोडली होती. तिथं चाकाची पूजा शिकवत, चाक शिकवत नसत. ती चावडीवर गेली. तिथं गावातले तीन थोरले बसलेले असत. का बसलेले असत, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"थोरले, पाचव्या वळणावर दरवर्षी रथ का पडतात?" तिनं विचारलं.

"नशीब," पहिला म्हणाला.

"दरवर्षी त्याच वळणावर?"

"तुझा बाप त्या दिवशी पूजेला उशिरा आला होता," दुसरा म्हणाला. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"कुणाला म्हटलं होतं?"

"मनात म्हटलं होतं."

तिसरा सगळ्यांत मोठा होता, आणि गावात सगळ्यांत भारी रथ त्याचा होता. तो मायेनं बोलला. "पोरी, आईचे तोडे आहेत ना घरात? मोडून टाक. राजधानीची एक धाव येईल. ती उजवीकडे घाल. डाव्यासाठी माझ्या गोठ्यामागं एक पडलीय, ती घेऊन जा. फुकट."

मुलीनं गोठ्यामागं जाऊन ती धाव पाहिली, दोरीनं मोजली आणि परत आली. "चाकापेक्षा दोन बोटं मोठी आहे."

"मग पाचरी ठोक. आम्ही जन्मभर ठोकल्या."

"तुम्ही स्वतः किती वेळा घाट उतरलात?"

"आमचा रथ गडी हाकतो," थोरला म्हणाला, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मुलगी घोडीला घेऊन पाचव्या वळणाखालच्या दरीत उतरली. करवंदीच्या जाळ्यांमधून शोधता शोधता तिला धावा सापडू लागल्या. एक, दोन, पाच, अकरा. सगळ्या गंजलेल्या. सगळ्या जोडलेल्या नाहीतर झिजलेल्या, काहींच्या आत अजून पाचरींचे तुकडे चिकटलेले. सूर्याचा शिक्का एकीवरही नव्हता.

"अकराच्या अकरा डाव्या," मुलगी म्हणाली.

घोडी म्हातारी होती आणि तिला गोड बोलता येत नसे. "वळण उजवीकडे आहे," ती म्हणाली. "रथ डावीकडे झुकतो, सगळा भार डाव्या चाकावर येतो. मला हे माझ्या खांद्यात कळतं. मला चार पाय आहेत, दोन उजवे, दोन डावे. मानाचा एकही नाही. म्हणून चालते."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले. तुझ्या बापानं चाबूक दाखवला."

गावाच्या कडेला एक लोहारीण राहायची. ती मिठाच्या बैलगाड्यांच्या धावा करायची. मिठाच्या गाड्या त्याच घाटानं रोज उतरायच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि एकही कधी दरीत गेली नव्हती. ही गोष्ट गावातल्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती, कारण मिठाच्या गाडीकडे बघणं कमीपणाचं होतं.

मुलीनं तोडे तिच्यासमोर ठेवले. "यात राजधानीची एक धाव येते. तुमच्या किती येतील?"

"दोन. चांगल्या. वरती शिक्का नाही आणि चकाकणार नाहीत," लोहारीण म्हणाली. "रथाच्या मानानं जरा जडही होतील. सपाटीवर मागं पडशील."

"वळणावर?"

"वळणावर राहतील."

"मग दोन्ही एका मापाच्या, एकाच लोखंडाच्या करा. आजी, डाव्या चाकाचं तुम्हाला माहीत होतं?"

"वीस वर्षं झाली."

"मग?"

"मीठवाल्यांच्या लोहारणीचं चावडीवर कोण ऐकणार?"

"न ऐकणं त्यांचं पाप," मुलगी म्हणाली. "न सांगणं तुमचं. माझ्या बापाचा पाय तुम्हा सगळ्यांमध्ये वाटून गेलाय."

लोहारणीनं खाली पाहिलं आणि भाता ओढला. तिनं जास्त काही केलं असं कृपा करून समजू नका. पण काम तिनं चोख केलं. धावा चाकापेक्षा थोड्या लहान ठेवल्या, गोवऱ्यांच्या आगीत लाल केल्या, फुगल्या तशा दोघींनी पकडीनं उचलून चाकांवर घातल्या आणि घणानं बसवल्या. वर पाणी ओतलं. लोखंड आवळलं आणि लाकडाचा सांधा न् सांधा करकरला. पाचर घुसवायला नखाएवढीही जागा उरली नाही.

बापानं रथ पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "उजव्याला मिठाच्या गाडीचं लोखंड? लोक काय म्हणतील, बाळ?"

"तुमचा पाय गेला तेव्हा लोक काय म्हणाले, बाबा?"

त्यानं खुंटीवरचा लगाम काढून तिच्या हातात दिला. त्याला पटलं असं नाही.

शर्यतीच्या सकाळी सहा रथ रांगेत उभे राहिले. पाच उजवी चाकं उन्हात चमकत होती. मुलीच्या रथाकडे बघून थोरले हसले. "मीठ कुठं भरलंयस गं?" एकानं विचारलं. पुजाऱ्यानं तिच्या चाकाला हळद लावली नाही. तिनं मागितलीही नाही.

नगारा वाजला. सपाटीवर मुलगी सगळ्यांत मागं पडली. पहिल्या चार वळणांवर तिनं कुणालाही गाठलं नाही. पाचव्या वळणावर पहिले दोन रथ कसेबसे पार झाले. त्यांच्यामागच्या दोघांची डावी चाकं डुगडुगली, पण हाकणारे भिऊन वेळीच थांबले आणि पुढं उतरलेच नाहीत. पाचव्या रथाला थांबता आलं नाही. तो मोठ्या थोरल्याचा होता. पाचरी उडाल्या, डावी धाव निसटून दरीत गेली, लाकूड फुटलं. रथ कड्याला अडकला आणि गडी एका हातानं लोंबकळत राहिला.

मुलीनं लगाम खेचला.

"थांबलीस तर सगळ्यांच्या मागून पोचशील," घोडी म्हणाली.

"पोचेन ना?"

"पोचशील."

तिनं गड्याला वर ओढलं. "ताई, डावं निसटलं," तो म्हणाला.

"माहीत आहे. चढ."

एका माणसाच्या रथात दोन माणसं बसली. उरलेलं अर्धं वळण तिनं तसंच घेतलं. सगळा भार डाव्या चाकावर आला, साधं लोखंड दगडावर खरडलं, ठिणग्या उडाल्या आणि चाक जागेवरून हललं नाही. त्या दिवशी नदीवर तीनच रथ पोचले. मुलगी तिसरी आली. घराची जागा राहिली, वर्षभराचं कामही मिळालं.

संध्याकाळी गड्यानं चावडीवर जाऊन सगळं सांगितलं. धाव कशी निसटली, पाचरी कशा उडाल्या, दोन सारख्या धावांवर आपण जिवंत कसे आलो. थोरल्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं. मग तिघांनी रात्रभर खल केला आणि सकाळी दवंडी पिटवली: आजपासून डावं चाक मानाचं.

पुढच्या वर्षी हळदकुंकू डाव्या चाकाला, हार डाव्या चाकाला, राजधानीची धाव डाव्या चाकाला. आणि दुसरीकडची भंगारातली पाचरी ठोकलेली धाव उजव्या चाकाला. पाचव्या वळणावर सगळे तरले. थोरल्यांनी एकमेकांना पेढे दिले.

सातवं वळण डावीकडे होतं. तिथं पाचही रथांचा भार उजवीकडे झुकला आणि पाचही रथ एकामागून एक वळणाखालच्या ओढ्यात जाऊन बसले. ओढ्यातून ओले, खरचटलेले गडी वर आले ते चावडीकडे वळलेच नाहीत. ते थेट लोहारणीच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलगी तेव्हा नदीवर एकटीच खलिते मोजून घेत होती, आणि घोडी पाणी पीत होती.

लहानांनो, मोठ्यांनो, आणि हे वाचलंच तर थोरल्यांनो: जिच्यावर जीव सोपवायचा ती वस्तू मान बघून एक भारी घेऊ नये, जमीन बघून दोन सारख्या घ्याव्यात.