न भाजलेलं रान

भाविकहो, त्या वर्षी फाल्गुनात श्री भुजंगनाथ महाराज शेवरगव्हाणला मुक्कामी होते. वेशीबाहेर करंजाच्या झाडाखाली त्यांचं आसन. कुणी शिधा आणून दिला तर घेत, नाही तर बांधावर बसून तासन्‌तास मातीकडे बघत. बुवांना ऊन बाधलंय, असं गावाचं मत पडलं होतं.

त्या गावाची एक रीत होती. ज्वारी निघाली की रानात धसकटं आणि काडीकचरा उरे. धुळवडीला होळीचा विस्तव खापरात घालून न्यायचा आणि ज्याने त्याने आपलं रान भाजायचं. पहिला मान हैबतराव पाटलांचा. पाटलांना स्वच्छ रानाची भारी हौस. काडी दिसली की त्यांचं डोकं फिरे. अलीकडे मात्र त्यांचं पीक गुडघ्याच्या वर जात नव्हतं. टाकलेलं शेणखत वर्षाने उकरलं तरी जसंच्या तसं निघे. नांगरामागे उतरणारे बगळेही यायचे थांबले होते. याचा विचार करतील तर ते पाटील कसले? त्यांनी सगळं खापर शेजारणीच्या माथी फोडलं.

ही शेजारीण म्हणजे गोजराबाई, महाराजांची भोळी भक्त. एकटी विधवा बाई, दीड बिघा जमीन. ती रान भाजत नसे. उलट बांधावरचा पालापाचोळा पाट्यांनी वाहून रानावर पसरी. गाव तिला ‘उकिरड्याची मालकीण’ म्हणे. ती हसून पुढची पाटी उचले.

धुळवडीच्या टळटळीत दुपारी पाटील चार गडी घेऊन तिच्या बांधावर आले. हातात पेटतं खापर होतं.

“गोजरे, तुझ्या ह्या घाणीतली कीड माझं पीक खाती. हो बाजूला.”

“पाटील, मला मारा, पर इस्तू टाकू नका. हितं लई जीव नांदत्यात. त्येंनी जावं कुठं?”

“किडामुंग्यांची आई झालीस व्हय?” पाटील म्हणाले, तसे गडी खदखदून हसले. गोजराबाई हलली नाही. तिचं पोट त्याच मातीवर होतं, आणि एकदा जळलेली माती पुन्हा तशी होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एवढ्यात महाराज तिथे आले. म्हणाले, “टाका विस्तव, पाटील. पण आधी दोन्ही रानांना कान लावून बघा.”

चारचौघांत मागे कसं हटायचं? पाटील हसत खाली बसले, वाकले. महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गोजराबाईच्या मातीत बारीक कुरकुर चालली होती, पंगत मुकाट्याने जेवत असावी तशी. पाटलांचं हसू ओसरलं. मग त्यांनी आपल्या रानाला कान लावला. तिथे काहीच नव्हतं. ते उठणार, तोच खोल खालून एक घंटा वाजली. पाठोपाठ कुणीतरी लांब सुस्कारा सोडला.

पाटलांच्या अंगावर सरसरून काटा आला. ती घंटा त्यांनी स्वतः बांधलेली होती. पाखऱ्या हा त्यांचा जिवापाड जपलेला बैल. सात वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा घंटेसकट त्याला इथेच पुरून पाटील तीन दिवस जेवले नव्हते.

“सात वर्षं तो निघालाय, पाटील,” महाराज हळूच म्हणाले. “पण त्याला मातीत न्यायला खाली कुणी उरलंच नाही. न्यायचं ज्यांचं काम, त्यांना तुम्ही दर धुळवडीला भाजलंत.”

गड्यांनी खणायला घेतलं. कंबरभर खाली शिंग लागलं, मग खांदा. अख्खा बैल तसाच होता. वास नाही, केसही झडलेला नाही. डोळे उघडे, ओले, आणि थेट पाटलांकडे लागलेले. कुदळी टाकून गडी पळाले. पाटील खड्ड्याच्या काठावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

“महाराज, सोडवा ह्येला.”

“मला कुठं येतंय ते? गोजराईला विचारा.”

पाटलांना मान वर करवेना. पण त्या माउलीने विचारायची वाट पाहिलीच नाही. आपलं रान वाचणार की नाही, हेही तिने विचारलं नाही. पाचोळा सारून तिने गांडुळांनी वळवळणारी ओली माती पाटीत भरली, खड्ड्यात उतरली, पाखऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि माती त्याच्या अंगावर पसरली. महाराज नामस्मरण करू लागले. बैलाच्या पापण्या मिटल्या. माती हलू लागली, खचू लागली. ऊन कलेपर्यंत खड्ड्यात पांढरी हाडं तेवढी राहिली.

पाटलांनी खापर बांधावरच्या पाण्याच्या रांजणात बुडवलं आणि महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गोजराबाईच्या रानाकडे बोट केलं.

हैबतराव पाटलांनी पागोटं काढून बांधावर ठेवलं. आजवर ज्याला नाक मुरडलं, त्या पाचोळ्यात त्यांनी कपाळ टेकलं. कपाळावरून काहीतरी थंडगार सरपटत गेलं. ते पुढे निघून जाईपर्यंत पाटील हलले नाहीत.