ज्याची तिरडी, त्याची तक्रार

घाटालगत तिरड्या विकणाऱ्या दाजीबा बोरवणकरांच्या दुकानावर पाटी होती: ‘आजवर एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही.’ असणार कशी? गिऱ्हाईकं जळून गेलेली.

अश्लेषाच्या वडिलांच्या तिरडीचा बांबू वाटेतच मोडला आणि प्रेत रस्त्यावर पडलं. ती जाब विचारायला गेली, तर दाजीबा पान चघळत म्हणाले, “पोरी, ज्याची तिरडी त्यानं यावं. त्याचंच ऐकेन.” दुकानापुढच्या बाकावरचे म्हातारे हसले. दुसरं येतं काय त्यांना?

दहाव्याला घाटावर कावळा पिंडापाशी उतरला, पण शिवेना. बापाचा जीव अडकला म्हणून आई रडू लागली. काकांनी नेहमीची खोटी वचनं दिली. कावळा उडाला आणि सरळ दाजीबांच्या पाटीवर जाऊन बसला. मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहत राहिला.



अश्लेषा म्हणाली, “दाजीबा, गिऱ्हाईक आलंय. ऐका.”

“कावळा आहे तो.”

“मग हाकला.”

दाजीबांचा हात उठला आणि अर्ध्यावरूनच खाली आला. शेवटी ते पुटपुटले, “बांबू किडका होता. माहीत असून दिला. पुन्हा देणार नाही.”

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

तेव्हापासून प्रत्येक तिरडीवर दाजीबा आधी स्वतः आडवे होतात.