धुनीवरचं हिरवं लाकूड

"म्हणजे जाळलेलं परत येतं म्हणतोस?"

केवळनाथबाबांनी विचारलं आणि चिमट्याने धुनीतली राख एका कडेला ओढली.

येतं, असं विश्वंभर म्हणाला. हेच वाक्य त्याने मोठमोठ्या सभागृहांत, पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हा आवाज कसा खणखणीत निघायचा. इथे समोर एक म्हातारा जोगी आणि ओंजळभर निखारे, तर साहेबांची जीभ टाळूला चिकटत होती.

तरी त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. गाडी जो धूर सोडते, त्यातला कार्बन हवेत साचतो आणि पृथ्वी तापते. मोगली एरंड तोच कार्बन हवेतून ओढून घेतो, बियांत तेल धरतो. ते तेल गाडीत घातलं, की निघणारा धूर झाडाने आधीच घेतलेला असतो. पुढच्या वर्षी झाड तो पुन्हा घेतं. घेतलं, सोडलं, घेतलं. हवेत नवी भर काहीच नाही.

बाबांनी मान डोलावली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "मग तू घाबरलास कशाने?"

विश्वंभरने खिशातला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला.

तो बाबांचा जुना शिष्य. कॉलेजात असल्यापासून सातमाळ्याच्या या डोंगरावर यायचा, गुहेला लागून बांधलेल्या मठाच्या या दगडी खोलीत धुनीपाशी बसायचा. पुढे शिकला, परदेशी जाऊन आला, झाडांपासून इंधन काढणाऱ्या एका कंपनीत मोठा अधिकारी झाला. आता डोंगराच्या पायथ्याचा जांभूळदरा त्याच्या ताब्यात होता. तिथलं रान काढून मोगली एरंड लावायचा होता. वरचा उतार यंत्राने, कुऱ्हाडीने तोडून गेल्याच आठवड्यात जाळला होता. खालच्या दरीत यंत्र उतरत नव्हतं. ती उभीच पेटवायची होती, आज संध्याकाळी, वारा पडला की. मुकादम रावजी गांगुर्डे आणि त्याची माणसं टेंभे घेऊन दरीच्या तोंडाशी बसली होती. विश्वंभरने फोनवर 'लावा' म्हणायचा अवकाश होता.

आणि तेवढंच म्हणायची त्याला भीती वाटत होती.

सकाळचं त्याने बाबांना सांगून टाकलं. जाळलेला उतार बघायला तो रावजीला घेऊन गेला होता. आग विझून चार-पाच दिवस झाले होते. वर गार राख, काळे बुंधे. पण चालता चालता बुटांचे तळवे तापायला लागले. त्याला वाटलं, ऊन असेल. रावजीने हातातली काठी जमिनीत खुपसली. काठी लोण्यात जावी तशी आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिचं टोक पेटलेलं होतं.

"मुळं जळत्यात साहेब," रावजी म्हणाला होता. "वरनं विझलंय, खालनं चालूच हाय. कुठवर गेलंय ते काय दिसत न्हाई."

मग त्यांना दूरवर, खडकांच्या फटीतून धूर येताना दिसला. तिथे झाड कधी नव्हतंच. विश्वंभर उभा होता तिथून मागे सरकला, आणि मागे सरकतानाही पाय कुठे ठेवावा ते त्याला कळेना. आपल्याखाली किती लांबवर काय पेटलंय, याचा पत्ताच नव्हता. तो तिथून निघाला तो थेट मठात आला.

बाबांनी 'भिऊ नकोस' म्हटलं की झालं, असं त्याला वाटत होतं. माणूस गुरूकडे जातो तो बहुतेक वेळा एवढ्यासाठीच जातो.

बाबांनी धुनीत एक काटकी सरकवली.

ते गप्प राहिले की विश्वंभरला राग यायचा. कॉलेजात यायचा तसाच आजही आला.

"तुम्हीसुद्धा लाकूडच जाळता, बाबा. मी बघतोय तेव्हापासून ही धुनी विझलेली नाही."

"जाळतो."

"मग?"

"रान टाकतं तेवढं जाळतो."

मठाची रीत विश्वंभरला ठाऊक होती. कुऱ्हाड लागलेलं लाकूड धुनीला चालत नाही. रोज सकाळी रानात हिंडायचं, आपोआप गळालेल्या काटक्या, वाळून पडलेल्या फांद्या गोळा करायच्या. एखाद्या दिवशी कमी मिळाल्या तर त्या दिवशी धुनी बारीक. बाबा थंडीत कुडकुडत बसायचे, पण कुऱ्हाड मठात नव्हतीच.

आणि तरीही विश्वंभर आज जीपमध्ये धावड्याचं लाकूड घालून घेऊन आला होता. जाळायच्या आधी उतारावरून बाजूला काढलेलं, हिरवं, जाडजूड. वाया जाण्यापेक्षा धुनीला लागेल, तेवढीच सेवा, असा त्याचा हिशोब. शिकलेल्या माणसाची सेवासुद्धा अशी काटकसरीची असते.

बाबांनी ते आल्या आल्याच पाहिलं होतं. "पडलेलंच आहे, बाबा," असं विश्वंभर घाईने म्हणाला होता. "कुणी पाडलं?" एवढंच बाबांनी विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेले होते.

आता त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"रान जाळलंस त्याचा धूर... तोही तुझा एरंडच घेणार?"

"हो."

"किती दिवसांत?"

... हा प्रश्न सभागृहांत कुणी विचारला नव्हता. विश्वंभरने स्वतःला मात्र एकदा विचारला होता. आकडेमोड केली होती, उत्तर बघून घाम फुटला होता, आणि मग तो चहा प्यायला खाली उतरला होता. त्यानंतर त्याने तो विषय मनात येऊ दिला नव्हता.

"वर्षं लागतील," तो म्हणाला. "चाळीसएक."

"हे तू लोकांना सांगतोस?"

सांगत नाही, असं त्याने कबूल केलं. पण त्यात लबाडी नाही, असंही घाईघाईने सांगितलं. मोजणी लावणीपासून धरतात. रोप जमिनीत गेलं, की तिथून पुढे किती धूर निघाला आणि झाडाने किती घेतला ते मोजायचं. त्याआधी तिथे काय होतं, त्याचं काय झालं, ते या मोजणीत येत नाही. कंपनीत सगळे असंच करतात. त्याने एकट्याने ही पद्धत काढलेली नाही.

"बरं," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं तो धूर असतो कुठे?"

"हवेत."

"आणि आपण?"



बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. म्हणाले, जीपमधलं लाकूड आण.

विश्वंभरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ते तोडलेलं आहे, शिवाय ओलं आहे, त्याने आठवण करून दिली. बाबा म्हणाले, आण. आणि एरंडाची रोपं आणली असशील तर त्यातलं एक आण.

त्याने आणलं. धावड्याचे ओंडके आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं, दोन-चार पानांचं एक रोप.

बाबांनी रोप धुनीच्या शेजारी मांडलं. पिशवी नीट सरळ केली, लोट्यातलं पाणी घातलं. मग हयातीत कधी केलं नव्हतं ते केलं. कुऱ्हाडीचे घाव दिसणारे ते ओंडके उचलून एकावर एक धुनीवर रचले.

लाकूड आधी नुसतं चरचरलं. कापलेल्या टोकांतून फेस आला. मग पिवळट, जाड धूर उठला.

छपराला धूर जायला भोक होतं. पावसासाठी त्यावर फळी होती. बाबांनी दोरी ओढून फळी लावली. मग दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"बाबा, हे काय करताय?"

"बस. रोप लावलंय."

"बाबा, ते एवढंसं आहे..."

"वाढेल."

विश्वंभर बसला, कारण गुरूने बस म्हटलं होतं. थोडा वेळ त्याला वाटलं, ही बाबांची थट्टा आहे, आता उठतील आणि दार उघडतील. तो चेष्टेने म्हणालाही, समजलं बाबा, मला समजलं. बाबा जागचे हलले नाहीत. धूर छपराला लागला आणि तिथून खाली उतरायला लागला. आधी कोनाडा दिसेनासा झाला, मग भिंतीवरची फुंकायची शिंगी, मग बाबांचे डोळे.

त्याला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. श्वास घेतला की आत सुया टोचायच्या, आणि नाही घेतला तर छाती फुटायची.

"बाबा, दार उघडू?"

"घेतंय ते," धुरातून आवाज आला. "धीर धर."

त्या आवाजात थट्टा नव्हती. हा माणूस खरंच उठणार नाही, हे विश्वंभरला तेव्हा कळलं. तो रोपाकडे बघायला गेला, तर रोपही दिसेना. हाताने चाचपडलं. पानं हाताला लागली, ती मलूल होऊन लोंबत होती.

मग मात्र त्याचा धीर सुटला. गुरू, शिष्य, मोजणी, सगळं गेलं. उरला फक्त श्वास. तो जमिनीवर पालथा पडून दाराच्या दिशेने सरपटला आणि भलत्याच भिंतीवर आपटला. दार कुठे आहे ते कळेना. तो बाबांना हाका मारत होता की आईला, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. नखं दगडावर घासत घासत शेवटी लाकूड हाताला लागलं, मग कडी. कडी निघेना. निघाली.

तो बाहेर अंगणात तोंडावर पडला आणि हवा प्यायला. दुसरा शब्दच नाही, प्यायलाच. हवा एवढी गोड असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

पाठीमागे दारातून धूर लोंढ्याने बाहेर येत होता. आत बाबा खोकत होते.

खिशातला फोन वाजला.

"साहेब, वारा पडलाय," रावजी म्हणाला. "लावू का?"

विश्वंभरने तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसती घरघर.

"हॅलो? साहेब? लावा म्हनताय का? ... माणसं उभी हायेत."

त्याने पुन्हा जोर लावला. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं. पलीकडे रावजी कुणाला तरी टेंभे पेटवा म्हणत होता. ते ऐकून विश्वंभर गुडघ्यांवर उठला.

"नको," तो म्हणाला. आवाज कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आला. "रावजी, नको. टेंभे विझवा. माणसं घरी पाठवा. एक काडीसुद्धा नाही."

रावजी बरं म्हणाला. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं असावं. पण फोन ठेवायच्या आधी त्याने हळूच विचारलं, दरी राहिली साहेब, पण वरचा उतार आतनं जळतोच आहे, त्याचं काय करायचं?

विश्वंभरने फोन बंद केला आणि तोंडावर उपरणं धरून बाबांना आणायला आत शिरला. ते जिथे बसले होते तिथेच बसले होते. त्याने त्यांना बखोटीला धरून उठवलं, बाहेर आणलं, पाणी पाजलं. म्हातारा बराच वेळ वाकून खोकत राहिला. विश्वंभर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि रडत होता. धुराने की कशाने, ते विचारण्यात अर्थ नाही.

"बाबा, थांबवलं मी," तो म्हणाला. "दरी नाही जाळत. उद्या कंपनीत जाऊन सगळं सांगतो. ते चाळीस वर्षांचंही सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

खोलीतला धूर अजून निघत होता. खाली, जाळलेल्या उतारावरही एक बारीक, करडी रेघ वर चढत होती. विश्वंभरने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला पुन्हा सकाळसारखंच वाटलं, पायाखालची जमीन तापल्यासारखं.

"आता तर झालं ना, बाबा?" त्याने विचारलं. "मी वेळेवर बाहेर आलो. आता ही भीती जाईल ना?"

बाबा त्या रेघेकडे बघत राहिले... ती वर जाऊन आभाळात मिसळत होती, आणि मग दिसत नव्हती.

"या खोलीला दार होतं, विश्वंभर," ते म्हणाले.