तानबाच्या दोन काड्या

रानाला खेटून वसलेल्या एका गावात तानबा नावाचा एक माणूस राहत होता. मनाने चांगला, पण भारी उतावळा. गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरासुद्धा त्याच्यापुढे शांत वाटावा!

त्या गावात मोहाची फुलं गळायच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून जाळायची रीत होती. जमीन साफ असली की फुलं पटापट वेचता येतात. पण जाळायचं ते सगळ्यांनी मिळून, पहाटे, पाला दवाने ओला आणि वारा पडलेला असताना. दुसरीही एक रीत होती. ज्या घरचा मोह, त्याच घरचा हात त्याला लागायचा. दुसऱ्याच्या मोहाची डहाळीसुद्धा कुणी मोडत नसे.

तानबाचे मोह दोन. एक लहानसा, आत रानात. दुसरा गाडीवाटेच्या कडेला, गावातला सगळ्यात मोठा. घरातलं वर्षाचं मीठमिरची त्याच्यावरच निघायचं. त्या साली तो कळ्यांनी नुसता लगडला होता. मग तानबाला कुठला धीर निघतो? आधी आतलं झाड उरकावं आणि मग मोठ्याकडे वळावं म्हणून भर दुपारी आगपेटी घेऊन निघाला की गडी.

वाटेत त्याची चुलती पार्बताकाकी भेटली. गाडीवाटेच्या अलीकडचं पहिलं घर तिचंच, गवताने शाकारलेलं. कुठे निघालास, म्हणून तिने हटकलं. तानबा म्हणाला, यंदा पाऊस धो धो झालाय, असलं ओल्या सालाचं रान कशाला पेटतंय?

"जेवढा पाऊस, तेवढं गवत माजलं ना, बाबू," काकी म्हणाली. "आता थे उभंच्या उभं वाळलं हाय. अन् वाराबी गावाकडंच सुटला हाय."

तानबा हसून पुढे गेला. झाडाखाली पाचोळ्याचा ढीग केला आणि काडी ओढली. ढीग गुमान जळू लागला. तानबा खूश झाला. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, जळती पानं उडाली आणि कमरेएवढ्या गवतात जाऊन पडली. मग काय विचारता! गवत तडतडू लागलं. तानबाने डहाळीने झोडपून पाहिलं, पण इथे विझवावं तर तिथे भडका! आग वाऱ्यावर स्वार होऊन गावाकडे पळत सुटली. तिच्यापुढे तानबा पळत होता, बोंब मारत होता, आणि आग आपणच लावल्याचंही ओरडून सांगत होता.

सारं गाव गाडीवाटेवर धावलं. पाणी आणायला वेळच नव्हता. पार्बताकाकीने एकच उपाय सांगितला. वाटेपलीकडचं गवत आपणच आधी पेटवायचं आणि हिरव्या डहाळ्या घेऊन वाटेवर उभं राहायचं, म्हणजे ठिणगी अलीकडे येणार नाही. मोठी आग येईल तेव्हा तिला खायला गवतच उरणार नाही.

लोकांनी डहाळ्या तोडल्या, पण काडी कुणी ओढेना. कारण त्या गवतातच तानबाचा मोठा मोह उभा होता. दुसऱ्याच्या मोहाला आग कोण लावणार? सगळे तानबाकडे बघू लागले. धूर डोळ्यांत जाऊ लागला. वारा फिरेल, अशी वेडी आशा तानबाच्या मनात येऊन गेली. मग त्याने काकीच्या घराकडे पाहिलं. वळचणीला बांधलेली वासरं दावी ओढत होती.

तानबा पुढे झाला आणि त्याने काडी ओढली.

वाटेवरच्या लोकांनी उडणारी एकेक ठिणगी झोडपली. ही आग हळूहळू रानाकडे सरकली, ती आग गर्जत आली, दोघी मोहापाशी भिडल्या आणि जळायला काही न उरल्याने तिथेच निजल्या. गाव वाचलं! बायका रडत होत्या, हसत होत्या. म्हातारे जागच्या जागी बसले.

मोहाचं झाड उभं होतं, पण कळ्या करपून गेल्या होत्या. एक म्हातारा तानबाला म्हणाला, "गावासाठी तुवा आपला मोह जाळला, बाबा."

तानबाने मान हलवली. "मोह या काडीनं नाही जळला, आजा," तो म्हणाला. "थो पहिल्याच काडीनं जळला."

तात्पर्य: काडी ओढण्याआधी वारा, गवत आणि वाळलेलं रान पाहावं; उतावळेपणाने लावलेली आग विझवताना आपल्याला जे सर्वात प्रिय, तेच आधी द्यावं लागतं.