एकुलता एक पैलवान

फार पूर्वी, प्राण्यांना पोटापेक्षा छंदाची भूक जास्त होती, तेव्हा सगळे जण गोळ्यांच्या पाकिटातली जुनी चित्रांची कार्डं जमवत. कार्डांना दर्जा देण्याचं काम पालबाईचं. ती कोपरे बघायची, रंग बघायची आणि शंका आली की चुकचुकायची.

मिशीवाल्या पैलवानाचं कार्ड साऱ्या रानात दोघांकडेच उरलं होतं, कावळ्याकडे आणि खारूताईकडे. कावळ्याला ते भारी खुपायचं. शेवटी त्याने आपली बाकीची सगळी कार्डं देऊन खारूताईचा पैलवान घेतला आणि तिच्यासमोरच टराटरा फाडून गिळून टाकला.

"अरे मेल्या, वेड लागलं का तुला?" खारूताई किंचाळली.

"आता माझा एकुलता एक!" म्हणत कावळा ऐटीत पालबाईकडे गेला. "मावशी, पहिला दर्जा द्या."

पालबाईने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि ती चुकचुकली.

"कोपरे झकास आहेत रे. पण हे अस्सल की नक्कल, कसं सांगू? शेजारी दुसरं ठेवून पाहिल्याशिवाय मी दर्जा देत नाही. जा, खारूताईचं घेऊन ये."

कावळ्याने आ वासला. त्याच्या चोचीत अडकलेला तुकडा पालबाईने निरखून पाहिला.

"मिशी तर तीच दिसतेय," ती म्हणाली. "बाकीचा पैलवान कुठाय?"