दोराचं दुसरं टोक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरांना नावं पडली होती, गावांना अजून पडायची होती. अशाच एका बिननावाच्या गावाच्या डोक्यावर एक उभा कडा होता. दर वर्षी कड्याच्या माथ्यावर देवाची नवी काठी लावायची, अशी गावाची रीत. जो काठी लावून परत येई, त्याला पारावर बसवून मानाचं ताट वाढत. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय गावात कुणी जेवत नसे.

पण कडा चढणारी जुनी माणसं एकेक करून गेली. माथ्यावरची काठी कुजली आणि एका वादळात दिसेनाशी झाली. ताट मात्र दर वर्षी वाढलं जाई. रिकाम्या पाटापुढे ते ठेवून लोक मुकाट्याने जेवायला बसत.

त्या गावात दोघे भाऊ राहत. धाकटा वाखाचे दोर वळायचा. त्याचा दोर बैलानेही तुटत नाही, असं लोक म्हणत. थोरला लिहायला वाचायला शिकलेला होता, आणि साऱ्या गावात अक्षर ओळखणारा तो एकटाच होता. याचा त्याला थोडा अभिमान होता. थोडा म्हणजे गाव सहन करील इतकाच.

एकदा डोंगर हिंडण्यात आयुष्य घालवलेला एक म्हातारा गावात आला आणि तिथेच राहिला. अंगात बळ उरलं नव्हतं, म्हणून त्याने आपली सगळी विद्या एका पोथीत उतरवली. गाठ कशी मारावी, सुटा दगड कसा ओळखावा, ढग कसे वाचावेत, थंडीत उघड्यावर कसं निजावं, असं सगळं त्यात होतं. शेवटच्या आजारात त्याने थोरल्याला बोलावून घेतलं.

"ही एकट्याने वाचायची पोथी नाही, बाबा," तो म्हणाला. "पारावर बस आणि सगळ्यांना वाचून दाखव."

"दाखवतो," थोरला म्हणाला. म्हाताऱ्याने सुखाने डोळे मिटले.

थोरल्याने पोथी फडक्यात गुंडाळून घरातल्या पेटीत ठेवली. आज वाचू, उद्या वाचू, असं त्याने स्वतःला दोन चार दिवस सांगितलं. मग तेही सांगणं सोडून दिलं. खरी गोष्ट अशी, की त्याला तो पाट दिसत होता. त्या पाटावर आपण एकट्याने बसावं, असं त्याला फार वाटत होतं. त्यातून धाकट्याचे पाय जात्याच चपळ. त्याला ही विद्या मिळाली, तर काठी तोच लावील, ही धास्ती थोरल्याच्या मनातून जाईना.

मात्र अभ्यासात त्याने कसूर केली नाही. ओसरीच्या खांबाला गाठी मारून मारून त्याने खांबाचा रंग घालवला. विहिरीच्या भिंतीवर चढउतार केली. ऐन थंडीत तो अंगणात निजू लागला, तेव्हा बायकोने कपाळावर हात मारला. पोथीत खोट नव्हती आणि शिकणाऱ्याच्या कष्टातही नव्हती, हे आपण मान्य केलं पाहिजे.

काठीचा दिवस जवळ आला, तेव्हा त्याने गावाला सांगितलं, "यंदा मी चढतो." लोकांना आनंद झाला. पण कडा चढायचा तर खाली दोर धरणारं कुणीतरी हवं. धाकटा आपण होऊन पुढे आला. दोर त्याचाच होता, आणि भाऊही.

निघायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, "दादा, त्या पोथीत माझ्या कामाचं काही असेल तर सांग की."

"तुला काय करायचंय? मी धर म्हटलं की धर, सोड म्हटलं की सोड. एवढंच तुझं काम."

धाकट्याने मान डोलावली. भावाच्या शब्दावर त्याचा फार विश्वास होता.

सकाळी ते कड्याखाली पोचले. थोरल्याने कमरेला दोर बांधला, काठी पाठीला लावली आणि तो चढू लागला. पोथीत सांगितलं होतं तसंच सगळं करत गेला. दगड ठोकून पाही, मगच त्यावर भार टाकी. वाटेत एक खडकाचं शिंग लागलं, त्यामागून त्याने दोर घेतला. माथा हाताच्या अंतरावर आला आणि तेवढ्यात पायाखालची कड ढासळली.

"धर!" तो ओरडला.

तो खाली खाली जात राहिला. मग कमरेला जोराचा हिसका बसला आणि तो हवेत थांबला. जीव थाऱ्यावर आल्यावर त्याने कपारीत बोटं रुतवली.

"धरलंस ना रे?"

"धरलंय," खालून आवाज आला. "तू जा वर."

थोरला वर गेला. माथ्यावर दगड रचून त्याने काठी उभी केली आणि खाली गावातून ढोलाचा आवाज उठला. त्याचा ऊर भरून आला. वर आलेला दोर तो गोळा करू लागला, तर दोर हाताला ओला लागला. तळवे लाल झाले होते. आपल्याला कुठे लागलं म्हणून त्याने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. जखम कुठेच नव्हती.

मग ते रक्त कुणाचं, हे त्याच्या ध्यानात आलं.

तो उतरला तेव्हा धाकटा कड्याला टेकून बसला होता. दोर अजून त्याच्या हातात होता, कारण बोटं उघडतच नव्हती. धावत्या दोराने तळव्यांचं मांस हाडापर्यंत कापून नेलं होतं. सोडून दिला असता तर हात वाचले असते. पण त्याला कुणी सोड म्हटलं नव्हतं.

गावात वैद्याने पाला बांधला आणि हळूच सांगितलं, "जगेल. पण ही बोटं आता दोर वळायची नाहीत."

रीत चुकवायची नाही म्हणून पारावर पाट मांडला, ताट वाढलं. थोरला बसला. शेजारी धाकटा बसला, हात गुंडाळून मांडीवर ठेवलेले. सारं गाव पहिल्या घासाची वाट पाहत होतं.

धाकट्याने हलक्या आवाजात विचारलं, "दादा, दोर कसा धरायचा, हे पोथीत होतं का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! ती पोथी दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती. पण पाटावर बसलेल्या त्या माणसाला खोटं बोलवेना.

"होतं," तो म्हणाला. "अगदी पहिल्याच पानावर. नुसत्या हातांनी धरू नये. कमरेमागून घ्यावा, खडकाला वेढा द्यावा, म्हणजे भार खडक घेतो."

धाकट्याने मांडीवरच्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं.

"मग सांगायचंस ना रे," तो एवढंच म्हणाला.

थोरला पाटावरून उठला. त्याने भावाला त्या पाटावर बसवलं आणि मानाचा पहिला घास आपल्या हाताने त्याच्या तोंडात घातला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं. त्या दिवसापासून धाकट्याला रोज दोन वेळा तोच भरवत असे.

पुढे दर वर्षी काठीच्या आधी थोरला पारावर बसून पोथी मोठ्याने वाची. पहिलं पान तो दोनदा वाची, आणि चढणारा नव्हे तर दोर धरणारा पुढे बसलेला असे. गावातले कितीतरी जण कडा चढून सुखरूप परत आले. धाकट्याची बोटं मात्र शेवटपर्यंत उघडली नाहीत.

तात्पर्य : जी विद्या आपण दुसऱ्यापासून राखून ठेवतो, ती आपण पडतो त्या वेळी दोराच्या दुसऱ्या टोकाला नसते.